माणूस परदेशी, सिमकार्ड घरी

‘आपला ओटीपी कुणालाही सांगू नका, बँकेच्या कर्मचाऱ्यालाही नाही.’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलंय की आता ते नजरेला टोचतसुद्धा नाही. बँकेच्या प्रत्येक मेसेजच्या शेवटी तेच, शाखेतल्या भिंतीवर तेच, एटीएमच्या पडद्यावर तेच.

सल्ला बरोबर आहे, त्यावर वाद नाही. वाद पुढचा आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ज्या घरातला एक माणूस परदेशात आहे, ते घर हा सल्ला पाळूच शकत नाही. पाळायचं ठरवलं तर त्या घरातला गॅस संपेल, फी भरायची राहील, सरकारी हप्ता अडकेल. आणि मोडला तर उद्या काही गडबड झाल्यावर बँक म्हणेल, निष्काळजीपणा तुमचाच. दोन्हीकडून मार खाणाऱ्या या घराला आपण ‘डिजिटल साक्षरता नाही’ म्हणून हिणवतो, हे मला मान्य नाही. अडाणी ते घर नाही, व्यवस्था अडाणी आहे.

परदेशी जाणारा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिंजवडीतला आयटीवाला येतो. तो आहेच. पण २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीजही त्याच वर्षी तिकडे आली, आणि तेव्हापासून परदेशी जाण्याचा रस्ता शॉपफ्लोअरवरूनही निघाला. सहा आठवडे, तीन महिने ट्रेनिंगला जर्मनीत किंवा झेकमध्ये राहून आलेले डिप्लोमावाले निघोजे, खराबवाडी, महाळुंग्याच्या भाड्याच्या खोल्यांत सहज भेटतात. भोसरीतला टूलरूमवाला हॅनोव्हरच्या प्रदर्शनात मशीन बघायला जातो. आयटीआय केलेला फिटर किंवा वेल्डर शटडाऊनच्या कामासाठी जुबैलला, रास लफानला जातो, कधी दोन महिन्यांसाठी, कधी दोन वर्षांच्या करारावर. आणि चिखली, खराळवाडी, नेहरूनगर, आकुर्डीतून उमराहला निघणारे म्हातारे-म्हाताऱ्या वर्षभर दिसतात. विमानतळावर या सगळ्यांपुढे एकच प्रश्न असतो. भारतातलं सिम बरोबर न्यायचं की घरी ठेवायचं?

बरोबर नेलं तर घरातली बाई अडकते. गॅस सिलिंडर दारात आल्यावर डिलिव्हरीवाल्याला कोड सांगावा लागतो. २०२० च्या नोव्हेंबरपासून टप्प्याटप्प्यानं हे सुरू झालं. कनेक्शन नवऱ्याच्या नावावर, नंबर नवऱ्याचा, कोड जातो दम्मामला. तिकडे तो शिफ्टवर, मोबाईल लॉकरमध्ये. इकडे गॅसवाला जिन्यात उभा, खाली टेम्पोचा हॉर्न. ‘सुनो, कोड आया क्या?’ असा व्हॉट्सॲप कॉल आमच्या मोहल्ल्यात इतका नेहमीचा आहे की लहान पोरंही त्याची नक्कल करतात.

सिम घरी ठेवलं तर तो अडकतो. परतीचं तिकीट बदलायचं, हॉटेलचे पैसे द्यायचे, पगार आलाय का ते नेटबँकिंगवर बघायचं, तर ओटीपी येणार चिखलीतल्या कपाटावर ठेवलेल्या फोनवर. मग तो बायकोला उठवतो. जर्मनीत रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे, उन्हाळा असेल तर साडेबारा. ती झोपेत चष्मा शोधते, सहा आकडे वाचते. तोवर मुदत संपलेली असते.

म्हणजे सिम कुठंही असो, ओटीपी एका माणसाकडून दुसऱ्याकडे तोंडी जातोच. जी गोष्ट कुणालाही सांगू नका म्हणून बजावलं, ती सांगितल्याशिवाय घर चालणार नाही अशी रचना करून ठेवलीय.

आता कायद्याकडे बघा. ६ जुलै २०१७ ला रिझर्व्ह बँकेनं ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारं परिपत्रक काढलं. चांगलं परिपत्रक आहे. बाहेरच्या कुणी फसवणूक केली आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याला काही भरावं लागत नाही. दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याचं ओझंही बँकेवर टाकलंय. पण त्यातच एक कलम आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळं नुकसान झालं, उदाहरणार्थ त्यानं पैसे काढण्याची गुप्त माहिती दुसऱ्याला दिली, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. नवऱ्यानं बायकोला सांगितलेला ओटीपी या कलमात बसतो की नाही? कागदावर तरी बसतो. हे कलम लिहिताना बहुधा डोळ्यांपुढे फोनवरचा भामटा असणार. पण ज्या ग्राहकाला बँकेनं दुसरा कुठलाच मार्ग दिला नाही, त्याच्यावरही ते तसंच लागू होतं.

थोडं मागं जाऊन सांगतो, कारण यात एक गैरसमज घट्ट बसलाय. ऑनलाइन कार्ड व्यवहारासाठी दुसरी पडताळणी भारतात १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची झाली. हे पाऊल धाडसी होतं. अमेरिकेत आजही कार्डावरचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे टाकले की बऱ्याच ठिकाणी खरेदी होऊन जाते. आपण ते दार लावलं, ठीकच केलं. पण ती पडताळणी एसएमएसनंच करा असं त्या आदेशात नव्हतं. कार्डावर छापलेली नसलेली माहिती विचारा, एवढंच होतं. सुरुवातीला लोक त्यासाठी एक पासवर्ड ठेवत. पुढं बँकांनी एसएमएस धरला, कारण तो स्वस्त होता, प्रत्येक फोनवर जात होता आणि ग्राहकाला काही शिकवावं लागत नव्हतं. विशिष्ट पद्धत आम्ही सांगितली नव्हती, बँकांनी एसएमएसचाच मार्ग धरला, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेनंच नोंदवलंय. तरी शाखेत विचारा. ‘आरबीआयचा नियम आहे’ असंच उत्तर मिळेल.

‘सुरक्षेसाठी थोडा त्रास सहन करावा लागतो’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक तर एसएमएस सुरक्षित नाही. तो वाटेत पकडता येतो. डुप्लिकेट सिम काढून दुसऱ्याच्या फोनवर वळवता येतो. २०१७ च्या सुरुवातीला जर्मनीत मोबाईल कंपन्यांच्या आपसातल्या सिग्नल यंत्रणेतली फट वापरून चोरांनी ग्राहकांचे बँक कोड आपल्याकडे वळवले होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं एसएमएसवरच्या पडताळणीला ‘मर्यादित वापराची’ पद्धत म्हटलं. सिंगापूरच्या बँकांनी जुलै २०२४ मध्ये जाहीर केलं की ज्यांच्याकडे डिजिटल टोकन आहे त्यांचं लॉगिन ओटीपीवर चालणार नाही. अमिरातीत २०२५ च्या जुलैपासून एसएमएस ओटीपी हटवायला सुरुवात झाली. जिथं आपला फिटर कामाला जातो, तिथली बँक पुढं गेली. त्याची पगाराची बँक मात्र भोसरीतच अडकलेली.

दुसरी गोष्ट पुण्याची आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी बँकेच्या यंत्रणेतच घुसून व्यवहार मंजूर करणारी खोटी व्यवस्था उभी केली. बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. त्या दरोड्यात कुणा खातेदारानं कुणाला ओटीपी सांगितला नव्हता. ओटीपीचा संबंधच नव्हता. ग्राहकाला तीन तीन वेळा बजावणाऱ्या व्यवस्थेनं स्वतःच्या मागच्या दाराकडेही तेवढंच बघावं, इतकंच मी म्हणतो.

मग दुसरा उपाय काय? तो नवा नाही, महागडाही नाही. तुमच्या फोनमधल्या ॲपमध्ये आणि बँकेच्या संगणकात एकच गुपित एकदा साठवायचं. दोघांकडे घड्याळ आहेच. गुपित आणि वेळ यांचं गणित करून दर तीस सेकंदांनी सहा आकडे तयार होतात, दोन्हीकडे सारखेच. मध्ये मेसेज जात नाही, म्हणून रेंज लागत नाही, सिम लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. वाळवंटातल्या कॅम्पमध्ये किंवा बोगद्यात थांबलेल्या रेल्वेतही आकडे दिसतात. या पद्धतीचं खुलं मानक २०११ पासून आहे. खोट्या वेबसाइटवर हे आकडेही कुणी फसून टाकू शकतो, हे खरं. पण ते एसएमएसलाही लागू आहे, आणि एसएमएसचे बाकीचे दोष यात नाहीत.

जर्मनीत तर सिम सोडाच, फोनही लागत नाही असा प्रकार कित्येक वर्षं चालतोय. तिथल्या श्पारकासे बँकांचे ग्राहक कॅल्क्युलेटरएवढ्या यंत्रात आपलं कार्ड घालतात आणि कोड मिळवतात. सौदीत सरकारी सेवांसाठी ‘नफाथ’ नावाचं ॲप आहे. पडद्यावर एक आकडा दिसतो, तोच ॲपमध्ये निवडायचा. वायफाय असलं की झालं.

परदेशाचं सोडा. भोसरीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये बिलिंगला बसणाऱ्या मुलीला विचारा. ई-वे बिलाच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांना दुहेरी पडताळणी लागते. नसेल तर माल गेटबाहेर काढायचा कागद निघत नाही. तिथं ओटीपी मिळवण्याचे तीन मार्ग दिलेत: एसएमएस, ‘संदेस’ ॲप आणि ‘एनआयसी-जीएसटी-शील्ड’ नावाचं ॲप. हे तिसरं ॲप इंटरनेटशिवाय चालतं, दर तीस सेकंदांनी आकडा बदलतं. शिवाय मालकानं कामगाराला वेगळा उप-वापरकर्ता करून दिला तर त्याचा ओटीपी त्याच्याच नंबरवर येतो. म्हणजे मालक हॅनोव्हरला प्रदर्शन बघत असला तरी ट्रक चाकणच्या नाक्यावर अडत नाही.

हे आपल्याच सरकारनं बनवलंय. टॅक्स भरणाऱ्याचा माल थांबू नये म्हणून तीन मार्ग आहेत, आणि ज्याचा पगार बँकेत पडून आहे त्याला बहुतेक ठिकाणी एकच मार्ग. शेअर बाजारातले दलालसुद्धा २०२२ पासून ग्राहकाला ॲपमधल्या आकड्यावर लॉगिन करू देतात. ऑप्शनवर जुगार खेळणाऱ्याला जी सोय मिळते ती बचत खात्याला का नाही, याचं तांत्रिक उत्तर कुणाकडेही नाही. स्टेट बँकेनं नेटबँकिंगसाठी वेगळं ओटीपी ॲप काढलंय, पण ते किती जणांना ठाऊक आहे? मी विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी नावही ऐकलं नव्हतं.

‘रोमिंग घ्या ना!’ हे उत्तर मला सगळ्यात जास्त संताप आणतं. ते देणाऱ्याचं बिल कंपनी भरते. मॅनेजरचा पोस्टपेड नंबर विमान उतरताच चालू होतो, त्याला ओटीपी म्हणजे प्रश्नच वाटत नाही. प्रीपेडवाल्याला आधी रोमिंग चालू करून घ्यावं लागतं, रिचार्ज जिवंत ठेवावं लागतं, आणि फोनमध्ये दोन सिमची जागा लागते. उमराहला गेलेल्या म्हातारीच्या फोनमध्ये जेद्दाहच्या काउंटरवर सौदी सिम घालून देतात. भारतातलं सिम कागदात गुंडाळून पर्समध्ये जातं, कधी हरवतंही.

दोन वर्षांच्या करारावर गेलेल्याचं तर आणखी अवघड. नंबर ९० दिवस वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. प्रीपेड खात्यात वीस रुपये शिल्लक असले तर थोडी मुदतवाढ मिळते. बंद झालेला नंबर आणखी किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जातो. ही गोष्ट २०२३ मध्ये दूरसंचार नियामकानंच सर्वोच्च न्यायालयाला सांगितली. करार संपायच्या कितीतरी आधी त्याचा नंबर परभणीतल्या कुणा अनोळखी माणसाच्या खिशात असू शकतो, आणि बँकेच्या दप्तरी तोच नंबर अजून याच्या नावावर. म्हणून एप्रिल २०२५ पासून यूपीआयसाठी बँकांना अशा फिरलेल्या नंबरांची यादी दर आठवड्याला तपासायला लावलीय. रोगाचा पत्ता सगळ्यांना आहे.

अनिवासी खातं उघडा, परदेशी नंबर जोडा, हाही सल्ला मिळतो. खरं आहे. जानेवारी २०२३ मध्ये सौदी, अमिरात, कतार, ओमान, अमेरिका, ब्रिटन धरून दहा देशांतले नंबर एनआरई-एनआरओ खात्याच्या यूपीआयला जोडायची परवानगी आली. लांब मुदतीसाठी जाणाऱ्यानं ते करावंच. पण सहा आठवड्यांसाठी गेलेला तंत्रज्ञ अनिवासी नाही, पंधरा दिवसांची उमराहवालीही नाही. आणि आधारला तर परदेशी नंबर जोडताच येत नाही. आज निम्म्या सरकारी कामांची किल्ली आधारचाच ओटीपी आहे.

इथं लाडकी बहीण आठवते. १८ सप्टेंबर २०२५ ला राज्य सरकारनं या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली. बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी, आणि शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी. पंधराशे रुपये बाईचे, पण ते मिळण्यासाठी पुरुषाचं सिम चालू पाहिजे. विधवा आणि वडील नसलेल्या बायकांचा प्रश्न ओरड झाल्यावर सरकारच्या ध्यानात आला, त्यांच्यासाठी कागदपत्रं देण्याची सोय झाली. नवरा आखातात आणि त्याचं सिम बंद, अशा बाईनं काय करायचं? ती विधवा नाही, परित्यक्ता नाही. तिचा नवरा दर महिन्याला पैसे पाठवतो, रोज बोलतो. फक्त त्याच्या जुन्या नंबरला रेंज नाही.

हा मुद्दा परदेश प्रवासाचा वाटतो, पण मुळात तो बाईच्या ओळखीचा आहे. गॅस, रेशन, पोरांच्या शाळेचं ॲप, लाइट बिल, बँक, सगळीकडे एकच नंबर दिलेला असतो, आणि तो पुरुषाचा. आमच्या समाजात हे जरा जास्तच आहे, हेही सांगून टाकतो. ‘बाईचा नंबर बाहेर कशाला द्यायचा’ या सबबीखाली तिच्या नावावर सिमच घेतलं जात नाही. परदेशी निघालेल्या भावांनो, बॅगेत लोणचं भरण्याआधी बायकोच्या नावावर सिम घ्या, तिच्या आधारला तिचा नंबर जोडा, बँकेत तिचं स्वतःचं खातं काढा आणि दर महिन्याचा खर्च तिथं टाका. गॅस कनेक्शनवर तिचा नंबर लावा. अर्धे ओटीपी तिथंच थांबतील. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची वाट बघायला नको.

बाकीच्या अर्ध्यांसाठी मात्र बँकांनाच हलवावं लागेल. २५ सप्टेंबर २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं पडताळणीबाबत नवे निर्देश काढले, त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. दोन वेगवेगळे घटक हवेत, त्यांतला एक दर वेळी बदलणारा हवा, आणि एसएमएसशिवाय ॲप, टोकन, बोटाचा ठसा असे मार्ग चालतील. निर्देश न पाळल्यानं नुकसान झालं तर बँकेनं पूर्ण भरपाई द्यायची. हे वाचून पुष्कळांनी ‘ओटीपी गेला’ अशी आवई उठवली. गेला नाही. एसएमएस चालूच ठेवायला मुभा आहे. दुसरा मार्ग द्याच, अशी सक्ती नाही. आणि सक्ती नसली की आपल्या बँका काय करतात ते २००९ नंतर दिसलंच.

उलट नंबराची पकड आणखी आवळली जातेय. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागानं आदेश काढला की व्हॉट्सॲपसारखी ॲप नोंदणीच्या सिमशी बांधलेली असावीत, ते सिम फोनमध्ये नसेल तर ॲप चालू नये. कारण सायबर गुन्हेगारी. कारण खरंही आहे. पण दम्मामच्या खोलीतून ‘कोड आया क्या’ला उत्तर देणारा तोच तर एक धागा आहे.

मागणी मोठी नाही. प्रत्येक बँकेनं सिमविना चालणारा किमान एक मार्ग द्यावा, आणि साध्या फोनवाल्यासाठी एसएमएस राहू द्यावा. जी बँक असा मार्ग देत नाही तिला, ग्राहकानं घरच्या माणसाला ओटीपी सांगितला म्हणून, निष्काळजीपणाचं कलम वापरता येऊ नये. आणि सरकारी योजनेत बाईच्या पैशाला नवऱ्याच्या ओटीपीचं कुलूप नको.

जायच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या: माझ्या खात्यासाठी एसएमएसशिवाय पडताळणीचा कोणता मार्ग आहे? पोच घ्या, शिक्का मारून. तोंडी विचारलंत तर काउंटरवरचा मुलगा रोमिंगच सांगेल, त्याचाही दोष नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, सीएमएस पोर्टलवर. तिथं तक्रार भरायला बसलात की आधी मोबाईल नंबर विचारतात आणि ओटीपी पाठवतात. परदेशातून करायची असेल तर चंडीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राला साधं पत्र चालतं.